रीसेल फ्लॅटचं किचन नव्याने करताय? ओटा सरळ, एल, पॅरलल की यू, ते असं ठरवा

घर ताब्यात आलं की पहिला हातोडा बहुतेक किचनवरच पडतो. जुना कडप्प्याचा ओटा, तेलाने चिकट झालेल्या टाइल्स, कोपऱ्यातली मोरी, हे सगळं काढून टाकायची घाई असते आणि त्याच आठवड्यात मॉड्युलर किचनवाला लॅपटॉपवर थ्रीडी डिझाइन घेऊन येतो आणि म्हणतो ताई तुमच्याकडे यू शेप मस्त बसेल. बसतो पण. फक्त त्यात रोज दोन वेळचा स्वयंपाक नीट होतो का, हे त्या स्क्रीनवर कळत नाही. माझं ठाम मत आहे की ओट्याचा आकार आधी खरकट्या पाण्याच्या पाइपवर ठरतो, मग खिडकी आणि डक्टवर (बिल्डिंगचे पाइप जिथून वर-खाली जातात ती उभी पोकळी), मग घरात पोळ्या कोण आणि किती करतं ह्यावर, आणि कॅटलॉग ह्या सगळ्यानंतर उघडायचा.

उदाहरणासाठी 8 बाय 10 फुटांचं किचन धरते, कारण पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिककडच्या टू बीएचकेमध्ये ह्याच्या आसपासची मापं खूप दिसतात. एका 8 फुटी भिंतीत हॉलकडून यायचं दार, समोरच्या 8 फुटी भिंतीत ड्राय बाल्कनीचं दार आणि त्याच्या बाजूला खिडकी, आणि दोन्ही बाजूंना 10 फुटांच्या भिंती. तुमचं थोडं लहान-मोठं असेल तर आकडे त्याप्रमाणे बदला, हिशोब तोच.

तोडफोड करायच्या आधी टेप घ्या

बिल्डरच्या ब्रोशरमधल्या मापावर अजिबात जाऊ नका. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंती काटकोनात नसतात, त्यामुळे प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा, जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि डोक्याच्या वर, आणि सगळ्यात लहान माप खरं धरा. नवीन टाइल लागली की मसाला आणि टाइल मिळून प्रत्येक भिंतीवर पाऊण ते एक इंच जातो, म्हणजे कागदावरचे 8 फूट प्रत्यक्षात 7 फूट 10 इंच होतात आणि पॅरलल ओट्यात हे दोन इंच चांगलेच जाणवतात.

मग एका कागदावर किचन काढा आणि त्यात हे सगळं दाखवा: कॉलम कुठे बाहेर आलाय, बीम किती खाली आहे, दारं कुठे उघडतात, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, कुठे आहे. खिडकीची कड विशेष बघा. ती ओट्यापेक्षा खाली असेल तर ओटा खिडकीच्या समोरून जाणार, आणि खिडकी आत उघडणारी असेल तर सिंकचा नळ तिला आडवा येणार. हे आधी लक्षात आलं तर स्लायडिंग करून घेता येते.

काय हलतं आणि काय हलत नाही

किचनमध्ये सगळ्यात हट्टी गोष्ट म्हणजे सिंकचं ड्रेन. पाणी उतारानेच जातं, साधारण एका फुटाला पाव इंच तरी उतार लागतो, म्हणजे सिंक डक्टपासून 8 फूट लांब नेलं तर पाइप दुसऱ्या टोकाला 2 इंच वर असणार. ओट्याखाली भिंतीच्या कडेकडेने पाइप न्यायचा असेल तर हे जमतं, मागच्या बाजूची ट्रॉलीची थोडी खोली जाते एवढंच. पण सिंक समोरच्या भिंतीवर न्यायचं म्हटलं की पाइप पॅसेजच्या फरशीखालून काढावा लागतो, आणि बाथरूमचा स्लॅब जसा खाली घेतलेला असतो तसा किचनचा बहुतेक बिल्डिंगमध्ये नसतो, त्यामुळे फरशी उचलावी लागते, दारात उंबरा तयार होतो आणि पुढे पाइप चोकअप झाला तर फरशी फोडायची वेळ येते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे, सिंक जुन्या भिंतीवर किंवा तिला लागून असलेल्या भिंतीवरच ठेवा. जुन्या फ्लॅटमध्ये किचनच्या कोपऱ्यात मोरी असेल तर ती काढताना तिथला ट्रॅप बुजवू नका, तीच सिंकची किंवा डिशवॉशरची सगळ्यात चांगली जागा असते.

आख्खं किचन बेडरूमच्या जागी हलवायचा विचार असेल तर थांबा. खालच्या मजल्यावर त्याच जागी कोणाची तरी झोपायची खोली आहे, तिच्या डोक्यावर ओली जागा आणणं म्हणजे गळतीला आणि कायमच्या भांडणाला आमंत्रण, आणि सोसायटी-महापालिका दोन्हीकडे ते अडतंच.

भिंत पाडून ओपन किचन करायचं असेल तर आधी बिल्डिंग फ्रेमची आहे की लोड बेअरिंग ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. कॉलम-बीमच्या फ्रेममध्ये मधली 4-5 इंची पार्टिशनची भिंत काढता येते बऱ्याचदा, पण जुन्या पेठांमधल्या, दादर-गिरगावकडच्या कित्येक इमारतींमध्ये स्लॅब भिंतींवरच टेकलेला असतो, तिथे कॉन्ट्रॅक्टर काहीही म्हणो, हात लावायचा नाही. सोसायटीला कामाचा अर्ज आधी द्या, डेब्रिज कुठे टाकायचं आणि आवाजाची कामं किती वाजेपर्यंत ते विचारून घ्या, आणि खालच्या मजल्यावरच्यांना जाऊन भेटून या, त्यांच्या छतावर आधीच ओल आहे का ते त्यांच्यासोबत बघून फोटो काढून ठेवा.

पाइप गॅस असेल तर गॅसची लाइन कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच सरकवायची, आपल्या प्लंबरकडून नाही, आणि त्याची तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. सिलिंडर असेल तर 14.2 किलोच्या सिलिंडरला ओट्याखाली साधारण सव्वा फूट रुंदीचा कप्पा लागतो, आणि त्या कप्प्याला हवेची जाळी खाली, जमिनीलगत हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. पाइपमधला नैसर्गिक वायू हलका असतो, तो वर जातो, तिथे वरची हवा खेळती पाहिजे. कित्येक सुंदर ट्रॉल्यांमध्ये ही जाळीच नसते, प्लीज ह्यावर अडून बसा.

आता स्वतःच्या सवयी लिहा

शक्य असेल तर जुन्याच ओट्यावर काही आठवडे स्वयंपाक करा आणि मग ठरवा. भाड्याच्या घरातून शिफ्ट व्हायचं असेल तर ते जमत नाही मान्य आहे, मग निदान सध्याच्या किचनमध्ये कुठे अडतं ते लिहून काढा. एका वेळी एकच माणूस ओट्याशी असतो की सासू-सून, नवरा-बायको दोघं असतात? पोळ्यांना मावशी येतात का, आणि त्या आल्या की तुम्ही त्याच वेळी डबे भरत असता का? भांडी घासणाऱ्या मावशी सिंकमध्ये उभ्याने घासतात की ड्राय बाल्कनीत बसून? हा प्रश्न मॉड्युलरवाला कधीच विचारत नाही, पण बाल्कनीत भांडी होत असतील तर खरकट्या भांड्यांचा टब दिवसातून दोनदा तुमच्या पाठीमागून जाणार आणि धुतलेली भांडी परत येणार, म्हणजे पॅसेज रुंद हवा आणि भांड्यांचं स्टँड बाल्कनीच्या दाराजवळ हवं.

भाकरी होतात का तेही लिहा. भाकरी थापायला परात, पिठाचा डबा, पाण्याचं भांडं आणि तवा हे सगळं दोन हातांच्या अंतरात लागतं. आणि वर्षाचं धान्य, पापड-कुरडया, दिवाळीची मोठी भांडी ठेवायला जुना माळा असेल तर तो पाडायच्या आधी दहादा विचार करा.

एकेक लेआउट, ह्या 8 बाय 10 मध्ये

सरळ ओटा म्हणजे एकाच 10 फुटी भिंतीवर. त्यातले अडीच फूट फ्रीजला गेले, राहिले साडेसात. सिंकला 2, गॅसला अडीच, उरतात 3 फूट, त्यातच चिरायचं, लाटायचं, मिक्सर ठेवायचा. वन आरके, वन बीएचकेला किंवा 6 फूट रुंदीच्या किचनला दुसरा पर्याय नसतो, आणि तिथे हा ओटा वाईट नाही, फक्त समोरच्या भिंतीवर फूटभर खोलीचं कपाट जमिनीपासून वरपर्यंत करून डबे तिकडे न्या. नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही किचनची कमीत कमी रुंदी 1.8 मीटर, म्हणजे जेमतेम 6 फूटच धरलीये, तेव्हा अशी किचन्स बिल्डरने चुकून दिलेली नसतात, तेवढ्यात बसवायलाच लागतं.

एल शेपमध्ये 10 फुटी भिंत पूर्ण आणि बाल्कनीच्या भिंतीचा उरलेला भाग मिळतो. त्या 8 फुटांतून दाराचे अडीच गेले की साडेपाच राहतात, त्यातले 2 कोपऱ्यात, म्हणजे खरी भर साडेतीन फुटांची. सिंक त्या लहान बाजूला खिडकीखाली आणि गॅस लांब बाजूला घेतला की मधला कोपरा चिरायला मिळतो, दोघं जण एकमेकांना न धडकता उभे राहतात, आणि मोकळ्या भिंतीला फ्रीज किंवा छोटं टेबल बसतं. मुलं लहान असतील, किचनमध्येच जेवायची सवय असेल तर मला एल सगळ्यात आवडतो. अडचण एकच, कोपऱ्याखालची 2 बाय 2 ची जागा. तिथे फिरणारी किंवा बाहेर येणारी महागडी यंत्रणा बसवतात, पण साधं दार लावून वर्षातून चारदा लागणारी पातेली तिथे ठेवली तरी चालतं, त्या पैशात चांगल्या, सहज न गंजणाऱ्या 304 ग्रेड स्टीलच्या ट्रॉल्या येतात.

पॅरलल म्हणजे समोरासमोर दोन ओटे. दोन्ही 2 फुटी घेतले तर 7 फूट 10 इंचातून मधे 3 फूट 10 इंच उरतात, आणि ग्रॅनाइटची कड दोन्हीकडून इंचभर पुढे येते म्हणजे 3 फूट 8 इंच धरा. एका माणसाला 3 फूट पुरतात, दोघांना पाठीला पाठ लावून काम करायला साडेतीन ते 4 लागतात. तेव्हा जमतं पण घट्ट, आणि ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली की मागून कोणी जाऊ शकत नाही. ह्यावर उत्तम तोड म्हणजे दुसरा ओटा दीड फुटीच घ्यायचा. मिक्सर, ओव्हन, डबे, भाजी निवडणं हे सगळं दीड फुटात आरामात होतं आणि पॅसेज 4 फुटांच्या वर जातो. जागेच्या मानाने सगळ्यात जास्त ओटा ह्याच लेआउटमध्ये मिळतो, आणि दोन्ही टोकांना दारं असलेल्या आपल्या फ्लॅटना तो स्वाभाविक बसतो. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. सिंक आणि गॅस एकाच बाजूला, म्हणजे उकळत्या भाताचं पातेलं घेऊन पॅसेज ओलांडायला लागत नाही. आणि हॉलचं दार कोपऱ्यात असेल तर ते ओट्यावर आदळेल, तिथे स्लायडिंग करा किंवा दारच काढून चौकट मोकळी ठेवा.

1926 मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ह्या आर्किटेक्ट बाईंनी जे किचन काढलं, ते 1.9 बाय 3.4 मीटरचं होतं, म्हणजे अंदाजे सव्वासहा बाय 11 फूट. बाईची पावलं आणि हालचाली मोजून त्यांनी ते बसवलं होतं, आणि आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथूनच मानतात. अरुंद किचन मिळालं म्हणून नाराज असलेल्यांना मी हे आवर्जून सांगते.

यू शेप ह्या उदाहरणात बसतच नाही कारण समोर बाल्कनीचं दार आहे. दार नसेल, नुसती खिडकी असेल तर बसतो, पण 8 फूट रुंदीत आत उभं राहायला जेमतेम 4 फुटांचा चौक राहतो आणि दोन्ही कोपरे वाया जातात. एकटीने स्वयंपाक करणाऱ्यांना यू फार सोयीचा, सगळं हाताशी. दोघी-तिघी असणाऱ्या घरात गणपतीत, सणावारी गुदमरायला होतं.

आयलंडचा, म्हणजे किचनच्या मधोमध असलेल्या सुट्या ओट्याचा, हिशोब एका ओळीत होतो: भिंतीचा ओटा 2 फूट, मधे साडेतीन, आयलंड अडीच, पलीकडे परत साडेतीन, म्हणजे साडेअकरा फूट रुंदी. बंगल्यात करा. फ्लॅटमध्ये हॉलकडची भिंत काढून तिथे कमरेएवढा काउंटर करता येतो, पण फोडणीचा ठसका आणि सुके बोंबील भाजल्याचा वास सोफ्यापर्यंत येणार हे घरातल्या सगळ्यांना मान्य आहे ना ते विचारा. असं किचन करायचं तर बाहेर डक्ट काढलेली चिमणीच लागते, बिनडक्टची वास गाळते पण उष्णता आणि वाफ घरातच सोडते.

फ्रीज, सिंक, चिरायची जागा, गॅस

लेआउट कुठलाही असो, वस्तू ज्या क्रमाने हातात येतात त्या क्रमाने जागा लावा. भाजी फ्रीजमधून निघते, धुतली जाते, चिरली जाते, कढईत पडते. सिंक आणि गॅसच्या मधे कमीत कमी 2 फूट, शक्य तर 3 फूट सलग मोकळा ओटा ठेवा, हीच तुमची खरी स्वयंपाकाची जागा, बाकीचा ओटा सामान ठेवायचा. गॅस भिंतीला चिकटवू नका, निदान फूटभर सोडा, नाहीतर कढईचा कान आणि पोळीचा हात भिंतीला लागतो. गॅस खिडकीसमोर नको, वाऱ्याने आच विझते आणि मग खिडकी कायम बंद राहते. सिंक खिडकीखाली मात्र उत्तम, उजेडही मिळतो आणि ओल वाळते. फ्रीज दाराजवळ, म्हणजे पाणी प्यायला आलेलं माणूस स्वयंपाक करणाऱ्याच्या मधे येत नाही, आणि फ्रीजचं दार ओट्याच्या बाजूला उघडेल असं बघा.

पोळ्यांसाठी गॅसच्या ज्या बाजूला तुमचा लाटणारा हात मोकळा राहतो तिथे 2 फूट जागा आणि त्याच्या बरोबर खाली कणकेचा डबा, परात, पोळपाट. ही ट्रॉली आधी ठरवा, बाकीच्या तिच्याभोवती.

वास्तू बघत असाल तर डिझाइन काढायच्या आधी घरात बोलून घ्या, नंतर नको. गॅस आग्नेयेला, तोंड पूर्वेला, पाणी ईशान्येला ही साधारण अपेक्षा असते. फ्लॅटमध्ये पाइपमुळे तिन्ही जमणं अवघड, बरीच घरं किचनचाच आग्नेय कोपरा धरतात किंवा पूर्वेकडे तोंड एवढं सांभाळतात. मोठ्यांना काय महत्त्वाचं आहे ते आधी कळलं तर ग्रॅनाइट बसल्यावर ओटा फोडायची वेळ येत नाही.

फरशीवर आखून बघा

जुना ओटा निघाला की नवीन ओटा खडूने किंवा मास्किंग टेपने जमिनीवर आखा. फ्रीजच्या जागी फ्रीजएवढा खोका ठेवा, गॅसच्या जागी स्टूल. आता जो स्वयंपाक करतो त्याने तिथे उभं राहून चहा, मग वरण-भात-भाजी-पोळीचा आख्खा खेळ करायचा, दुसऱ्याने त्याच वेळी डबे भरायचं आणि तिसऱ्याने मागून बाल्कनीत जायचं. पाच मिनिटांत कळतं कुठे धडक होतेय. थ्रीडी चित्रात हे कधीच दिसत नाही.

उंची पण तेव्हाच ठरवा. अनवाणी उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून 4 ते 6 इंच वजा करा. बहुतेक बायकांना 32 ते 34 इंच येतं. पण गॅसची शेगडीच ओट्याच्या वर 4-5 इंच असते आणि त्यावर कुकर, त्यामुळे उंची कमी असलेल्यांचे खांदे दुखतात, तर सिंकचा तळ ओट्यापेक्षा 8-9 इंच खाली जातो म्हणून उंच माणसाची कंबर. ओटा लांब असेल तर गॅस आणि लाटायचा भाग 3 इंच खाली घेणं माझ्या मते फार चांगलं, एल शेपमध्ये ओट्याची एक बाजू खाली आणि एक वर असं सहज होतं. उंची नवीन फरशीपासून मोजायची, जुन्या टाइलवर नवीन टाइल लावणार असाल तर जमीन इंचभर वर येते हे मिस्त्रीला लिहून द्या.

वायर, उजेड, आणि कामाचा क्रम

ओट्यावर मिक्सर, ओव्हन, किटलीसाठी 16 अँपिअरचे पॉइंट हवेत, आणि फ्रीज, फिल्टर, डिशवॉशर, चिमणीचे वेगळे. डिशवॉशर आज घेणार नसलात तरी सिंकशेजारी 2 फूट जागा, पाण्याचा नळ आणि आउटलेट ठेवून द्या. सिंकपासून सॉकेट लांब ठेवा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. छताच्या मधला दिवा पाठीमागे येतो आणि विळीवर, पोळपाटावर आपलीच सावली पडते, त्यामुळे वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा लावा. वरचं कपाट फूटभर खोलच ठेवा आणि ओट्यापासून 2 फुटांवर, म्हणजे कपाळ आपटत नाही.

क्रम साधारण असा: तोडफोड, जुने गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे), ड्रेनची उतार-चाचणी बादलीभर पाणी ओतून, वायरिंग, फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल्स, रंग. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप-वायरशेजारी टेप धरून, पुढे ड्रिल मारताना तोच नकाशा. गॅसची लाइन कुठल्या टप्प्यावर सरकवायची ते कंपनीच्या माणसाला विचारून मिस्त्रीला सांगा. ट्रॉलीवाल्याला अंदाजे माप आधी द्या, पण फायनल माप ओटा आणि टाइल्स बसल्यावरच घ्यायला लावा, आणि तोपर्यंत त्याला पूर्ण पैसे देऊ नका.